अस्सल विलायती घंटी

"अहो बाई, बाजूला व्हा ना! घंटी ऐकू येत नाही का?"

येत होती. तीच तर पंचाईत झाली होती...

एकोणीसशे पंचावन्न सालची गोष्ट. चामराजपेटेतला आमचा तिसरा क्रॉस, म्हणजे तिसरी आडवी गल्ली, दुपारचे चार, आणि बेंगळूरचा तो लाडावलेला पाऊस — छत्री उघडली की थांबायचा, मिटली की पडायचा. देवघरातल्या घंटीचा लोलक निसटला होता. तो मार्केटात बसवून घेऊन मी घरी निघाले होते. तेवढ्यात मागून सायकलची घंटी वाजली आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. लोक घंटी ऐकून बाजूला होतात. मी ती ऐकत भर रस्त्यात उभी राहिले.

ब्रेक किंचाळले. एक सायकल माझ्या पदराला चाटून गेली आणि तिच्यावरचा माणूस भाजीवाल्या ठकुबाईच्या कोथिंबिरीच्या टोपलीत जाऊन बसला.

"लागलं का हो?" मी धावले.

"मला नाही," तो चष्मा शोधत म्हणाला, "कोथिंबिरीला बरंच लागलंय."

त्याच्या केसांत कोथिंबिरीची एक काडी अडकली होती. ती काढावीशी वाटली, म्हणून मी हात मागे बांधले. ठकुबाई कन्नडमध्ये त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करत होती आणि तो तितक्याच अस्सल कन्नडमध्ये तिची माफी मागत होता. त्या सगळ्या जुड्या त्याने विकत घेतल्या, मग माझ्याकडे वळला.

"घंटी दिली होती मी. दोनदा!"

"ऐकली की. म्हणूनच तर थांबले."

"घंटी ऐकून थांबतं होय कुणी?"

"चांगली वाजली तर थांबतं."

रागवायचं त्याच्या मनात होतं, पण ते ऐकून चेहराच उजळला. "चांगली वाजणारच! अस्सल विलायती हाय... आहे ती. मार्केटात शिवाप्पाच्या दुकानातून घेतली. तो म्हणाला, साहेब, असा आवाज आपल्या देशात निघायला अजून पन्नास वर्षं लागतील."

मी पदर तोंडाला लावला. त्याला वाटलं, मी लाजले. लाजते कसली... ती घंटी मागच्याच महिन्यात मी केली होती!

आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या सगळे कचेरीत. माझ्या अण्णांनी, म्हणजे रघुपतीरावांनी, कारकुनी सोडून घराच्या मागच्या अंगणात सायकलच्या घंट्या करायला घेतल्या, तेव्हा नातेवाईकांनी त्यांना वाळीत टाकायचं तेवढं बाकी ठेवलं. पितळेच्या पत्र्यातून वाटी काढायची, तिला निकेलचा चंदेरी मुलामा द्यायचा, आणि मग ती माझ्याकडे यायची. शेवटचा हात माझा. एका हाताने देवघरातली घंटी वाजवायची, मग ही वाटी, आणि दोन्हींचा सूर एक होईपर्यंत वाटीच्या आतल्या कडेवर कानस फिरवायची. पूजेच्या वेळी आई घंटी शोधत अंगणात यायची आणि रोज तेच बोलायची, "देवाला तरी सोड गं!" मी डावखुरी. माझ्या कानशीचे ओरखडे डावीकडे कललेले, चंदेरी पोटात पिवळे, एका शेजारी एक तीन. त्या सुराची दुसरी घंटी बेंगळुरात नव्हती. मग मी ती ओळखणार नाही?

घरी जाऊन मी अण्णांपुढे उभी राहिले. "अण्णा, शिवाप्पा आपली घंटी विलायती म्हणून विकतोय."

त्यांनी हातोडी थांबवली नाही. "ठाऊक आहे."

"आणि तुम्ही गप्प?"

"आपल्या नावाचा शिक्का मारलेल्या बारा घंट्या वर्षभर त्याच्या फळीवर पडून होत्या, अनू. बिनशिक्क्याच्या बारा आठ दिवसांत गेल्या." मग त्यांनी हातोडी खाली ठेवली. "मी खोटं बोललो नाही गं... नुसता गप्प बसलो. पण हे कुणाला सांगू नकोस. चौकशी तोंडावर आलीय. लबाड ठरलो तर आपला अर्ज उघडायच्या आधीच मिटतील."

ती चौकशी म्हणजे आमचा जीव की प्राण. सरकारने बाहेरून येणाऱ्या पितळेच्या पत्र्यावर जकात बसवली होती, देशातल्या धातूच्या कारखान्यांना आधार म्हणून. चांगली गोष्ट. पण त्यामुळे पत्रा महागला आणि त्याच पितळेची तयार घंटी आगबोटीतून आली तर तिला जवळजवळ माफी! म्हणजे परदेशी पितळ पत्रा होऊन आलं की दारात अडवायचं, आणि घंटी, बिजागरी, नळ होऊन आलं की या, बसा म्हणायचं. शहरातल्या सगळ्या लहान कारखानदारांनी मिळून अर्ज केला होता, की धातूवरची जकात धातूच्या तयार वस्तूंवरही लावा. ते झालं नाही, तर दसऱ्याला आमच्या यंत्राची पूजा शेवटची. मग अण्णांनी आपल्या चुलतभावाच्या कचेरीत, त्याच्याच हाताखाली, पुन्हा टेबल मांडायचं. हल्ली अण्णा कमी जेवत होते.

सोमवारी दारात सायकल थांबली. घंटी वाजली. मी कानस खाली ठेवून उठले, तर दारात कोथिंबीरवाला!

"मी बिंदुमाधव खानापूरकर," तो म्हणाला आणि मला पाहून अडखळला. "जकात चौकशी मंडळाकडून... म्हणजे तुमच्या अर्जाची पाहणी... तुम्ही?"

"मीच. आज टोपली नाही ठेवली दारात, निर्धास्त या."

बेळगावचा मुलगा, नोकरी मुंबईला, या चौकशीसाठी दोन महिने बेंगळुरात आलेला. नाव एवढं लांब की हाक पुरी होईपर्यंत माणूस कोपऱ्यावर पोचावा. आईने शिरस्त्याप्रमाणे पितळी डबऱ्यात, म्हणजे आमच्याकडच्या कॉफीच्या पसरट पेल्यात, वाफाळती कॉफी आणून ठेवली.

तो हात जोडून म्हणाला, "माफ करा, नको."

"स्वल्प घ्या हो," आई म्हणाली.

"स्वल्पही नाही चालणार. चौकशीतल्या माणसांच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असा माझा नेम आहे."

चामराजपेटेत कॉफीला नाही म्हणणं म्हणजे घराला नाव ठेवणं. आईने डबरा उचलला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच जोरात लावली. मला मात्र... काय सांगू, तो नेम आवडला. नेम पाळताना त्याचे डोळे त्या वाफेकडे किती आशेने लागले होते, तेही आवडलं.

पत्र्याची जाडी एका भेटीत मोजून होते. त्याला सहा भेटी लागल्या! कधी वहीत एक आकडा राहून गेलेला असे, कधी पेन्सिलच राहून जाई. मी काम करत बसे, तो शेजारच्या पेटीवर बसून पाही. आणि दर भेटीला आईची कॉफी बाहेर येई, तशीच आत जाई.

"तुम्हाला कसं कळतं, सूर जुळला ते?" एकदा त्याने विचारलं.

मी दोन्ही घंट्या एकदम वाजवल्या. "कान इकडे आणा. आवाज थरथरतोय बघा. दोन सूर जवळ आले, पण अजून एक झाले नाहीत, म्हणून."

त्याने मान खाली आणली. इतकी जवळ, की चष्म्याच्या काचेवर मला मी दिसले. कानशीचा एक हात दिला, पुन्हा वाजवलं.

"थांबली थरथर?" तो हळूच म्हणाला.

"स्वल्प राहिली..."

आणखी एक हात. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गेले आणि अंगणभर एकच गोड नाद राहिला. आम्ही दोघंही हललो नाही. आतून आईने "अनू!" अशी हाक मारली, तेव्हा तो दचकून पेटीवरून पडता पडता राहिला.

सहाव्या भेटीत मात्र त्याने घात केला. स्वतःच्या सायकलची घंटी काढून त्याने आमच्या नव्या घंटीशेजारी ठेवली. "विलायती मालाशी तुलना करायला सांगितलंय. नमुना म्हणून माझीच देतो."

अण्णा खांबाला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. बिंदुमाधवाने आधी एक वाजवली, मग दुसरी. पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. मग मान खाली घालून लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं, "देशी घंटी उत्तम. विलायती किंचित सरस, नाद अधिक गोड."

"पुन्हा ऐका," मी म्हटलं.

"चारदा ऐकलं, अनुसूयाबाई."

"डोळे मिटून ऐका!"

"तुमची सरस निघावी अशी माझी फार इच्छा होती," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच पडला होता. "म्हणूनच चारदा ऐकलं. पण जे वाटलं तेच लिहायला हवं ना?"

काय करावं या माणसाला! माझीच घंटी माझ्याच घंटीहून सरस ठरवून तो प्रामाणिकपणे माझं घर बुडवत होता. मला त्याचा इतका राग आला, इतका राग आला, की त्याच रागात मला कळून चुकलं — मी याच्यावर प्रेम करते. नाहीतर एवढं चिडायचं कारणच काय?

सुनावणी टाउन हॉलजवळच्या एका दिवाणखान्यात होती. लांब टेबलामागे मंडळाचे अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचे. एका बाजूला आम्ही कारखानदार, दुसऱ्या बाजूला आयात करणाऱ्या व्यापाऱ्यांचे वकील. बिंदुमाधव कागदांच्या ढिगाशेजारी, कडक इस्त्रीत, माझ्याकडे न बघण्याचा निश्चय करून बसलेला.

वकिलांनी टेबलावरच्या दोन घंट्यांपैकी एक उचलली आणि वाजवली. "ऐकलंत, साहेब? हा विलायती नाद. मंडळाच्याच अधिकाऱ्याने लिहून दिलंय, विलायती सरस. जकात लावून गरीब सायकलवाल्याला वाईट घंटी घ्यायला भाग पाडणार का? या लोकांना अजून असा माल करताच येत नाही!"

मागच्या बाकांवर चुळबुळ झाली. "अर्जदारांना काही सांगायचंय?" अध्यक्षांनी विचारलं.

अण्णा उठले. टेबलावरच्या घंटीकडे हात केला आणि मागे घेतला. चौतीस सालापासून अंगणात राबलेला माझा बाप, आणि "ती घंटी माझी आहे" एवढं म्हणायची चोरी! त्यांनी मला बजावलं होतं. आणि मी बोलले, तर समोरच्या त्या इस्त्रीवाल्याची सगळ्यांदेखत फजिती होणार होती. पुन्हा म्हणून आमच्या दारात त्याची सायकल थांबणार नव्हती...

मी उठले. "मला ती घंटी हातात द्याल का?"

सुनावणी सगळी इंग्रजीतून; शाळेत इंग्रजीला पहिली यायचे, ते त्या दिवशी कामाला आलं. टेबलापर्यंत चालत गेले. घंटी घेतली, एकदाच वाजवली. मग अध्यक्षांसमोर उलटी धरली.

"साहेब, आत बघा. कडेला तीन पिवळे ओरखडे आहेत. डावीकडे कललेले."

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "आहेत."

"आता ही आमची. ही देशी." दुसरी उलटी केली. "हिच्यातही तीन. तसेच."

"याचा अर्थ?"

"दोन्ही मीच कानशीने घासल्या. मी डावखुरी आहे. ही घंटी विलायतेची नाही, साहेब, चामराजपेटेतल्या तिसऱ्या क्रॉसची आहे. कानस माझ्या पिशवीत आहे. कोरी वाटी द्या, इथेच करून दाखवते."

आमच्याकडे कोरी वाटी होतीच. मी तिथेच, त्या चकचकीत टेबलावर, तीन हात मारले. ओरखडे ओरखड्यांशी जुळले, आणि वाजवली तेव्हा तिन्ही घंट्या एका सुरात बोलल्या. वकील पटकन म्हणाले, "म्हणजे हे लोक आपला माल विलायती म्हणून खपवतात! ही फसवणूक!"

"आम्ही तसं कधीच म्हटलं नाही," आता अण्णांना वाचा फुटली. "शिक्का मारला की आमची घंटी कुणी घेत नाही, साहेब. न मारता दिली, दुकानदार हवं ते सांगतो, आणि मी गप्प बसतो. ती चूक माझी. पण घंटी चांगली आहे. ती नेहमीच चांगली होती."

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बिंदुमाधव उभा होता, कानांपर्यंत लाल.

"साहेब, चूक माझीही आहे. दोन्ही घंट्या सारख्याच होत्या, पण ही विलायती आहे असं मला सांगितलेलं होतं. मी कानाने ऐकलंच नाही. माझा शेरा मी मागे घेतो... आणि एक नोंद करावी. मी, या चौकशीचा अधिकारी, सहा भेटी देऊनही फसलो. मग माल कमी पडत नाही. कमी पडतो तो आपला आपल्या मालावरचा भरवसा, आणि त्यात हा जकातीचा उलटा न्याय."

मग अध्यक्षांच्या पांढऱ्या मिशा हलल्या. ते हसत होते! त्यांनी स्वतः घंटी वाजवली, एकदा, दोनदा, लहान मुलासारखी, आणि सगळा दिवाणखाना हसू लागला. "रघुपतीराव," ते म्हणाले, "निकाल काहीही लागो, उद्यापासून शिक्का मारा."

बाहेर आल्यावर तो पायऱ्यांवर भेटला. मी म्हटलं, "तुमची फजिती केली मी. रागावलात?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "अजून मी अधिकारी आहे. निकालापर्यंत तुमच्याशी बोलणंही बरं नाही." मग दोन पायऱ्या उतरला, थांबला, आणि वळून न बघताच म्हणाला, "पण कान मिटायला कुणी सांगितलेलं नाही."

याचा अर्थ काय लावायचा? तो मुंबईला गेला. एक महिना गेला, दोन गेले, पाच गेले. दसऱ्याला अण्णांनी यंत्राला हार घातला आणि ते बराच वेळ हात जोडून उभे राहिले. कोपऱ्यावर घंटी वाजली की मी उठायचे आणि पुन्हा बसायचे. आई कॉफी करताना रोज एक डबरा जास्त काढायची आणि परत ठेवायची.

आणि मग एका गुरुवारी अण्णा वर्तमानपत्र हातात घेऊन अंगणभर धावले, चप्पल न घालता! धातूवरची जकात आता धातूच्या तयार वस्तूंवरही. बिजागऱ्या, नळ, कंदील... आणि सायकलच्या घंट्या! त्यांनी मला उचलायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, म्हणून आईलाच फुगडीला ओढलं. आई "अहो, लोक बघतायत!" म्हणत फुगडी घालत होती. दुपारपर्यंत शिवाप्पाचा निरोप आला, दोनशे घंट्या हव्यात, आणि शिक्का जरा मोठा मारा. चुलतकाकाही पेढे घेऊन आले. अण्णांनी दोन खाल्ले.

मला आनंद झाला होता. खूप. आणि तरी कानस हातात घेऊन मी नुसतीच बसले होते.

तेवढ्यात गल्लीतून आवाज आला. "ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग!"

घंटी नव्हती. माणूस तोंडाने ओरडत होता! मी दारात धावले. भुरभुर पावसात चष्मा पुसत, एका हाताने सायकल चालवत बिंदुमाधव येत होता. ठकुबाईने घाईघाईने टोपली आत ओढली.

"काय करणार," तो उतरत म्हणाला, "माझी घंटी सरकारी कपाटात जमा आहे, पुरावा म्हणून. नवी हवी. शिक्क्याची."

"विलायती नको?"

"एकदा घेतली होती... चामराजपेटेची निघाली."

तो सरळ आत गेला, आईसमोर उभा राहिला आणि हात जोडले. "सकाळी निकाल छापून आला. आज मी कुणाचा अधिकारी नाही. बेंगळुरात बदली मागितली होती, तीही मिळाली. कॉफी मिळेल का?"

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग आत गेली आणि तो रोज काढून ठेवलेला डबरा काठोकाठ भरून घेऊन आली. "स्वल्प नाही हां," ती म्हणाली, "पुरी प्यायची."

त्याने शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, डोळे मिटून. अण्णा खांबाआडून बघत होते आणि न बघितल्यासारखं करत होते.

मी दोन घंट्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि वाजवल्या. "सांगा, सरस कुठली?"

त्याने डोळे उघडलेच नाहीत. "दोन्ही तुमच्याच. आता नाही चुकणार, अनुसूया." पहिल्यांदाच त्याने 'बाई' लावलं नाही. "त्या दिवशी रस्त्यात तुम्ही घंटी ऐकून थांबलात ना... माझं तेव्हाच सगळं थांबलं होतं. रघुपतीरावांना विचारायचं धाडस करू का?"

"विचारा की," खांबाआडून अण्णा म्हणाले, "मी इथेच आहे."

मी घंटी त्याच्या सायकलला बसवली, स्क्रू आवळला. तो सायकल घेऊन कोपऱ्यापर्यंत गेला, वळला, आणि घंटी वाजवत सुसाट माझ्याकडे आला. सगळा तिसरा क्रॉस माड्यांवर उभा राहून बघत होता.

"बाजूला व्हा!" तो हसत ओरडला. "घंटी ऐकू येत नाही का?"

येत होती. मी बाजूला झाले नाही.